चंद्रीला पसंत पडेल तो फोन

"म्हस आत न्हाय आणायची, मावशी," दिलावर मुलाणी काउंटरमागून ओरडला. "ह्ये मोबाईलचं दुकान हाय."

"म्हायती हाय," आत्ती म्हणाल्या. "फोनच घ्यायला आलोय. किराणा न्हाय घ्यायचा."

"अवो, पण म्हस कशाला?"

"वापरणार ती हाय."

चंद्रीनं तोवर पुढचे दोन पाय दुकानाच्या पायरीवर ठेवले होते. काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेल्या मोबाईलांकडं ती अशी टक लावून बघत होती की, अनोळखी माणसानं म्हटलं असतं, हिला मधल्या फळीवरचा लाल आवडलेला दिसतोय. माझ्या एका हातात तिचा कासरा, दुसऱ्या हातात धारेची रिकामी चरवी. विट्याच्या बाजाराचा दिवस. उभी पेठ माणसांनी फुललेली. मी पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता. लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, आणि म्हशीला मोबाईल दाखवायला आलेली सून म्हणून माझी ओळख व्हावी, अशी माझी काही इच्छा नव्हती.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. चायना मोबाईलचे दिवस होते ते. मुठीएवढा फोन आणि त्याचा आवाज लग्नातल्या बँडएवढा.

आमचं घर विट्यापासून आत, माळावर. घरात माणसं दोनच. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी शालन. आमच्या भागातली निम्मी तरणी माणसं गलाईच्या कामाला मुलूखभर पांगलेली असतात. जुने दागिने भट्टीत आटवायचे आणि त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं, हे ते काम. आमचे हे, हणमंत, मदुराईला होते. लग्नाची हळद अंगावर असतानाच गेले. जाताना मागं एक म्हैस ठेवून गेले आणि एक फोन.

माझी आई जात्यावर बसली की तिला ओव्या फुटायच्या. मला जातं मिळालं नाही, पिठाची गिरणी होती. पण शेण काढताना, ताक घुसळताना माझ्याही मनात शब्द आपोआप ओळीला लागायचे:

*घाटाच्या पल्याड, माझा कंथ सोनं आटवी*
*सांजच्या गं वक्ताला, एक घंटी पाठवी*

ही घंटी म्हणजे मिसकॉल.

फोन बटणांचा, जुना. पाचाचं बटण कधीच पडून गेलेलं. ह्यांच्या नंबरात पाच दोनदा यायचा, त्यामुळं आम्ही त्यांना फोन लावूच शकत नव्हतो. लावायचा तो त्यांनीच. बॅटरी पाठीला धरून राहावी म्हणून माझ्या वेणीचं काळं रबर त्याला गुंडाळलेलं. एवढं सगळं चाललं असतं. पण दिवाळीत तो ताकाच्या डेऱ्यात पडला. आत्तींनी काढला, धुतला, पुसला आणि भुईमुगाच्या शेंगांशेजारी उन्हात वाळत घातला. संध्याकाळी तो खणखणीत वाजला, पण कानाला लावला तर आत नुसती खरखर. आमचं बोलणं त्यांना तिकडं स्वच्छ ऐकू जायचं. त्यांचं इकडं अक्षर यायचं नाही.

मग आत्तींनी रीत पाडली. ह्यांनी फोन लावायचा, आम्ही विचारायचं, त्यांनी ठेवायचा आणि घंटीनं उत्तर द्यायचं. एक घंटी म्हणजे हो. दोन म्हणजे नाही.

"हणमा, जेवलास का?" आत्ती माळावर ऐकू जाईल एवढ्यानं ओरडायच्या. फोन बंद व्हायचा. आम्ही दोघी त्याच्याकडं बघत बसायचो. ट्रिंग. जेवला.

"ताप उतरला का?"

एकदा ह्या प्रश्नाला तीन घंट्या आल्या. तीनचं काही ठरलंच नव्हतं. आत्ती विचारात पडल्या.

"तीन म्हंजे थोडा उतरलाय," त्या शेवटी म्हणाल्या.

मी मनात म्हटलं, तिसरी माझी.

गावात दुसरे फोन नव्हते असं नाही. दूध संस्थेच्या सदाभाऊंचा होता. पण सदाभाऊ फोन स्पीकरवर टाकायचे, आणि तेही दूध घालायला आलेल्या बायांच्या रांगेत. मी "कसं हायसा?" म्हणायच्या आत मागच्या किटल्यांमधून आवाज यायचे, "ईचार की, कवा येणार हाय!" "म्हणावं, बायकू वाळून काटकी झाली!" तिकडून हे खाकरायचे आणि म्हणायचे, "बरं हाय, ठेवतो." तेवढंच. दिवाळीपासून ह्यांचा आवाज माझ्या एकटीच्या कानाशी आला नव्हता. मला दुसरं काही नको होतं. नवा फोन हवा होता तो तेवढ्यासाठी.

आत्तींना मात्र फोन हवा होता चंद्रीसाठी.

हे गेले तशी चंद्रीनं धार चोरायला सुरुवात केली. आत्तींना तर ती कासेला हातच लावू देईना, लाथ झाडायची. माझ्या हाताला देई, पण उपकार केल्यासारखं, तळ ओला होईल एवढंच. एका सांजेला मी अशीच बसले होते, चरवी गुडघ्यांत, डोकं तिच्या कुशीला टेकवून, आणि दावणीच्या खुंटीला पिशवीत टांगलेला फोन वाजला. त्या घंटीसरशी चंद्रीनं अंग सैल सोडलं आणि पान्हा असा उतरला की माझ्या बोटांना आवरेना.

दुधाचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला भांड्यात बघावं लागत नाही. आधी रिकाम्या तळावर चरचर वाजतं. मग दुधात दूध पडतं, तो आवाज भरीव होतो. शेवटी फेस चढतो आणि धार गुपचूप आत शिरते, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तशी. त्या सांजेला मी डोळे मिटून तो शेवटचा आवाज ऐकला.

"फोनला पान्हवली!" आत्ती दारातून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. घंटी वाजली, पान्हा आला. गावात बातमी पसरली. शेजारच्या पारूकाकू आपली म्हैस घेऊन गोठ्यात आल्या. "हिलाबी जरा ऐकवा," म्हणाल्या. त्यांच्या म्हशीनं घंटी ऐकली आणि आमची कडब्याची पेंढी खाल्ली. सदाभाऊंनी मदुराईला फोन करून ह्यांना ताकीदच दिली. "हणमंता, दोन्ही वक्ताला, धारंच्या टायमाला घंटी गेली पायजे. संस्थेचं दूध तुझ्यावर हाय." तेव्हापासून हे भट्टी पेटवायच्या आधी आणि विझवल्यावर, न चुकता घंटी द्यायचे.

घंटी ह्यांची, पण हात माझाच लागायचा. आणि तिथंच सगळं अडलं होतं. डेऱ्यात पडण्याआधीच्या शेवटच्या फोनवर हे मला म्हणाले होते, "शालन, हितं एक खोली बघितलीया. पण तू आलीस तर आईला म्हस आवरायची न्हाय. आन दूध थांबलं तर आईनं खायाचं काय?" मदुराईच्या वाटेवर चंद्री आडवी उभी होती. तिला ते ठाऊक नव्हतं, ती रवंथ करत होती.

शिमग्याच्या सुमाराला फोनची घंटीही बसायला लागली. आधी घोगरी झाली, मग मधेच दम तुटायला लागला. एका सकाळी वाजलीच नाही. त्या सकाळी चंद्रीनं एक थेंब दिला नाही, वर चरवी उडवली. आत्ती फोन घेऊन विट्याला मुलाण्याच्या दुकानी जाऊन आल्या.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, मावशी, ह्यातलं फकस्त रबर चांगलं हाय."

ह्यांनी गावाकडं येणाऱ्या माणसाबरोबर दोन हजार रुपये पाठवले. त्यात बसेल तो घ्या, वर काही पाठवता येणार नाही, असा निरोप. आत्तींनी नोटा कनवटीला लावल्या आणि तीन दिवस विचार केला. मी ताट वाढलं तरी विचार, उचललं तरी विचार.

"नवा घेतला तर घंटी बदलंल," त्या म्हणायच्या. "घंटी बदलली आन म्हशीला न्हाय रुचली तर? पैसं बी गेलं, दूध बी गेलं."

"पण आत्ती, नव्या फोनमधी बोलणं ऐकू येईल," मी हळूच म्हटलं.

"म्हशीला काय करायचंय बोलणं?"

"म्हशीला न्हाय," मी म्हणाले, आणि पुढं जीभ रेटेना.

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. मग त्या वळून चुलीतलं लाकूड पुढं सारायला लागल्या. ते आधीच पुढं सारलेलं होतं.

शेवटी त्यांनीच तोड काढली. "बैल घेताना औताला धरून बघत्यात. म्हस घेताना धार काढून बघत्यात. मग म्हशीसाठी फोन घ्यायचा, त्यो म्हशीला न दाखवता कसा घ्यायचा?"

संध्याकाळी घंटी घोगरी का होईना, आली. नंतर ह्यांचा फोन आल्यावर आत्ती ओरडल्या, "हणमा, नवा घेऊ का?" एक घंटी. पुन्हा फोन आला. "म्हशीला दाखवून घेऊ का?"

फोन बराच वेळ गप्प राहिला. मदुराईला माणूस भिंतीला टेकून बसलेला मला दिसला. मग एक घंटी आली.

म्हणून बाजाराच्या दिवशी, सकाळची धार न काढता, जनावरांच्या टेम्पोत चंद्री चढली आणि तिच्यामागं आम्ही.

"बरं, निदान पायरीच्या खाली तरी घ्या," दिलावर आता हात जोडत होता. भल्या स्वभावाचा माणूस. आत्तींनी त्याला म्हशीची सगळी हकिकत सांगितली. तो मधेच हसला असता तर बरं झालं असतं, पण तो गंभीर होत गेला. त्याचा बाप शेळ्या-मेंढ्यांच्या व्यापारातला. जनावराचं मन त्याला ऐकून ठाऊक होतं.

"कंचा दाखवू?" त्यानं विचारलं. आत्तींना नाही, चंद्रीला.

चंद्रीनं कान हलवला.

"लाल," आत्ती म्हणाल्या.

लाल फोन निघाला. आठ स्पीकरचा. मी पेठेच्या मधोमध, दुकानापुढच्या फरशीवर उकिडवी बसले, चरवी गुडघ्यांत धरली आणि कासेला हात घातला. कास तटतटून भरलेली, सड घट्ट मिटलेले. तोवर माणसं जमली होती. एक दलाल खांद्यावरचा टॉवेल झटकत पुढं आला.

"केवढ्याला द्यायची, मावशी?"

"म्हस न्हाय इकायची. फोन घ्यायचाय."

"म्हशीवर फोन? का फोनवर म्हस?"

"तू जरा गप ऱ्हा बाबा. म्हस आयकतीया."

दिलावरनं एकेक घंटी वाजवायला घेतली. पहिली सनई. चंद्री ढिम्म. दुसरी कोकिळेची. ढिम्म. तिसऱ्या घंटीत एक लहान मूल खदखदा हसत होतं. जमलेली सगळी माणसं हसली, चंद्री नाही. मग बँड, मग आगगाडी, मग कुठल्याशा परदेशी बाईचं किंचाळणं. त्या किंचाळण्यानं समोरच्या भजीवाल्याचा झारा कढईत पडला.

"माझा वाजवून बघा की," गर्दीतून एकजण पुढं आला. त्याच्या फोनवर आरती होती. दुसऱ्यानं आपला काढला, तिसऱ्यानं काढला. थोड्याच वेळात पेठेतली सगळी माणसं आपापला फोन उंच धरून म्हशीला ऐकवत होती, आणि त्या कालव्यात मी खाली बसून रिकामी चरवी धरून होते. एकाच्या फोनवर कोंबडा आरवला. चंद्रीनं शेपूट उचललं आणि दुकानाच्या पायरीवर पो टाकला.

"काय तरी झालं!" दलाल म्हणाला.

"पायजे ते न्हाय झालं," दिलावर म्हणाला.

आत्ती हटल्या नाहीत. म्हैस आज नाही तर उद्या शिकेल, पण आधी भाव तर कळू दे, म्हणाल्या. भाव बोलून ठरवायला त्या तयार होईनात. "भर पेठेत मोठ्यानं भाव करायला ही काय भाजी हाय?" त्यांनी दलालाचा टॉवेल मागून घेतला, काउंटरवर आपला हात पुढं केला आणि दिलावरच्या हातासकट त्यावर टॉवेल टाकला. जनावरांच्या बाजारात असंच ठरतं. झाकल्या टॉवेलाखाली बोटं धरायची. किती बोटं आणि कुठपर्यंत, ते दोघांनाच कळतं. मोबाईलच्या दुकानात हे पहिल्यांदाच होत असावं. दिलावर क्षणभर गोंधळला. मग त्याच्या बापाची बोटं त्याच्या बोटांत जागी झाली असावीत. टॉवेल हलायला लागला. एकदा दिलावरनं "आगं आई!" केलं, कारण आत्तींनी त्याचं एक बोट मागं ढकललं होतं.

"दोन हजारात बसना, मावशी."

"बसव."

"बरं, बसवतो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "पण म्हस पान्हवली न्हाय तर माझ्या नावानं शंख करू नका. असं करा, मालकालाच इचारा. ह्याच्यावरनंच लावून देतो. हाय का नंबर?"

नंबर मला पाठ होता. म्हशीखालून मी सांगितला. मधले दोन्ही पाच सांगताना माझा आवाज कसासाच झाला. ते आकडे मी कधी दाबले नव्हते.

फोन लागला. दिलावरनं तो चंद्रीच्या कानाशी धरला.

"हॅलो?"

आठही स्पीकर एकदम बोलले. ह्यांचा आवाज पेठेवर असा पसरला जसा काही हे भजीवाल्याच्या मागंच उभे होते. मी मान वर केली नाही.

"हणमा," आत्ती म्हणाल्या, "फोन झ्याक हाय, पर म्हस पान्हवंना."

"आई? माझा आवाज... तुला आयकू येतंय का, खरंच आयकू येतंय?" हे गडबडले.

"समद्या इट्याला आयकू येतंय. बोल, काय करायचं?"

तिकडं भट्टीचा भाता फुसफुसत होता. तोही ऐकू आला.

"आई, शालन हाय का तिथं?"

"हाय. म्हशीखाली हाय."

एवढी माणसं उभी होती, पण एकानंही खाकरलं नाही.

"शालन," हे म्हणाले. "जेवलीस का?"

एवढंच. मी उत्तर देणार होते. एक घंटी की दोन, एवढंच मला आठवत होतं, शब्द आठवत नव्हते. आणि तेवढ्यात माझ्या गुडघ्यांतली चरवी वाजली. चर्र. मग दुसरी धार. मग माझे हात माझे राहिलेच नाहीत. चर्र, चर्र, आणि तळ भरला, आवाज भरीव झाला. वर माणसांनी एकच गलका केला.

"पान्हवली! पान्हवली!"

"कुठला टोन वाजवला रं? नाव सांग त्याचं!"

"टोन न्हवं," दिलावर कपाळावर हात मारत म्हणाला. "नवरा हाय."

पण कुणाच्या कानात शिरतंय! "ह्योच लाल दे मला." "मलाबी. माझी गाभडल्यापासनं धार चोरतीया." दिलावरचे लाल फोन तिथल्या तिथं संपले. जे दोन-तीन माळ्यावर होते तेही गेले. उरला तो एकच, आत्तींसाठी बाजूला ठेवलेला. चरवी काठोकाठ भरली, त्यातलं दूध भजीवाल्यानं चहाला नेलं.

"घ्या मावशी," दिलावरनं लाल फोन डबीत घालून पुढं केला. "तुमच्या पायगुणानं दुकान रिकामं झालं."

आत्तींचा हात अजून टॉवेलाखालीच होता. त्यांनी तो काढून घेतला.

"न्हाय घ्यायचा."

"आं?"

"न्हाय म्हटलं न्हवं. ह्यो जुनाच जरा बघ. घंटी तेवढी नीट कर."

दिलावर बघतच राहिला. पण एवढी विक्री झालेला माणूस नाही म्हणत नाही. त्यानं जुना फोन उघडला, कुठल्यातरी मोडक्या फोनची घंटी काढून त्यात बसवली, पैसे घेतले नाहीत. "कानाला आयकू यायचं मात्र माझ्या हातात न्हाय," म्हणाला. आम्ही निघालो तेव्हा तो पुठ्ठ्यावर काहीतरी लिहीत होता. ती पाटी पुढं कितीतरी वर्षं त्या दुकानावर होती. *जनावरे आत आणू नयेत.*

परतीच्या टेम्पोत मी चंद्रीच्या पलीकडच्या अंगाला उभी राहिले, आत्तींना तोंड दिसू नये म्हणून. आवाज आला होता. फोन दोन हजारात बसत होता. कनवटीला पैसे होते. आणि ही बाई नाही म्हणाली होती. खडीच्या रस्त्यावर टेम्पो हिंदकळत होता. माझ्या डोळ्यांतलं पाणी चंद्रीच्या पाठीवर पडत होतं, आणि ती कातडी हलवून ते माशीसारखं उडवत होती.

"शालन," पलीकडून आत्ती म्हणाल्या.

मी ओ दिली नाही.

"म्हस काय फोनला पान्हवत न्हाय गं."

मी चंद्रीच्या पाठीवरचं पाणी पदरानं पुसलं.

"मी तिच्या तोंडाकडं नव्हतेच बघत आज. समदी तिच्या तोंडाकडं बघत हुती. मी तुझ्या हाताकडं बघत हुते. त्यानं जेवलीस का म्हटलं आन तुझा हात असा सुटला..." त्यांनी चंद्रीच्या पाठीवरून आपला हात पुढं केला आणि मूठ उघडून दाखवली. "हाताला कळतंय, म्हशीला कळतंय. आपल्यालाच तेवढं कळत न्हाय."

टेम्पो चढाला लागला होता. आत्तींना ओरडून बोलावं लागत होतं, आणि असलं बोलणं ओरडून बोलायची त्यांना सवय नव्हती.

"तुझं मामंजी पोकलेनवर असायचं, माती उकरायच्या मशीनवर. सा-सा म्हयनं पत्ता न्हाय. माझ्या दोन म्हशी आटल्या तवा. घरातली म्हणायची, चारा बदला. पेंड बदलली, दावण बदलली, एक म्हस तर इकून दुसरी आणली. कुणी म्हटलं न्हाय, हिचा हात बघा म्हणून."

कनवटीचा पदर सोडून त्यांनी नोटा काढल्या आणि चंद्रीच्या पाठीवर ठेवल्या, माझ्या बाजूला सरकवून.

"गावची जत्रा झाली की आपल्या गावच्या गलाईवाल्या शिरपाचं कुटुंब मदुराईला परत निघतंय. त्यांच्यासंगं तिकीट काढ."

"आणि म्हस?" माझ्या तोंडून निघालं.

"म्हशीचं म्हस बघंल."

"तुमच्या हाताला लाथ झाडतीया ती."

"झाडू दे. पाच-धा लाथा झाडंल. मग तिला बी कळंल की आता दोघीच हाय."

"आत्ती, पण फोन..."

"ह्याला काय झालंय?" त्यांनी पिशवीतून जुना फोन काढून बघितला, त्यावरचं काळं रबर एकदा ताणून सोडलं. "रबर चांगलं हाय की ह्याचं. तू घंटी देत जा म्हंजे झालं. पोचलीस, बरी हायस, येवढं कळलं तरी लई."

जत्रा झाली आणि मी गेले. मदुराईची खोली एवढीशी होती. भिंतीपलीकडं भट्टी, त्यामुळं भिंत बाराही महिने कोमट. ह्यांना डोळ्यांसमोर बघितल्यावर पहिल्या दिवशी मला बोलताच आलं नाही. ह्यांनी विचारलं, "दमलीस का?" आणि मी भिंतीवर बोटानं दोनदा वाजवलं. हे जे हसले!

धारेच्या वक्ताला मी ह्यांच्या फोनवरून घंटी द्यायची. एक वाजू द्यायची आणि तोडायची. मिसकॉलची रीतच ती, समोरच्यानं उचलायचा नाही. सुरुवातीला सदाभाऊंकडून बातमी यायची की चंद्रीनं आत्तींना पाडलं, चरवी चेपली, आता विकावी लागणार. मी घंटी देत राहिले. रोज, दोन्ही वक्ताला. दुसरं काय करता येत होतं!

एका सांजेला मी नंबर लावला, घंटी वाजली आणि मी तोडायला बोट पुढं केलं तोच तिकडून फोन उचलला गेला.

"हॅलो, आत्ती?" मी म्हटलं, आणि मग आठवलं की त्यांना ऐकू येणार नाही.

तिकडं कुणी बोलत नव्हतं. वारा होता. दाव्याची साखळी जरा वाजली. आणि मग रिकाम्या तळावर पडणारी पहिली धार. चर्र. थांबली. पुन्हा चर्र. मग एकीमागून एक, एकीमागून एक, तळ झाकला गेला, आवाज भरीव व्हायला लागला. फोन चरवीच्या अगदी काठाशी धरला असावा.

"आयकतीस न्हवं?" आत्तींचा आवाज आला, माळावर ऐकू जाईल एवढा. "मला काय आयकू येत न्हाय. पर तू हायस ह्ये ठावं हाय. ठेव आता. पैसं पडत्यात तुला."

मी ठेवला नाही. फेस चढून धार गुपचूप होईपर्यंत तो तसाच कानाशी धरून मी कोमट भिंतीला टेकून उभी राहिले.